लाल लोकरीची गाठ

गुरुवारी सकाळी नेमेसिया चोकेच्या गाळ्यावर दोन बैलांची धडं आली आणि तिला वाटलं, भाऊ आला.

वाटायला कारण होतं. दोन्ही धडांच्या मागच्या पायाला, खुराच्या वरच्या शिरेतून ओवून, लाल लोकर बांधलेली होती. तीन वेढे, एक फासा आणि टोक आत खोचलेलं. ला पासच्या मांसबाजारात चाळीस गाळे, आणि कुणाचा माल कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकीच्या लोकरीचा रंग वेगळा. लाल नेमेसियाचा. पण बाकीच्यांची लोकर डोंगरांपलीकडे, खाली बेनीच्या गवताळ मुलखातल्या गुरांच्या वाड्यावर कुणीही हमाल कशीही गुंडाळायचा. नेमेसियाची गाठ मात्र तिचा धाकटा भाऊ सेवेरो स्वतः मारायचा. ती त्यांच्या बापाची गाठ. बाप लामांच्या पाठीवर ओझी बांधायचा, आणि घाटात लामा गडगडला तरी ओझं सुटायचं नाही. बाप गेल्यावर ती गाठ जगात ह्या बहीण-भावांनाच येत होती.

सेवेरो मांस आणणाऱ्या एका कंपनीच्या विमानावर मेकॅनिक होता. विमान कसलं, युद्धात शहरं जाळायला बनवलेलं चार इंजिनांचं धूड. युद्ध संपलं, ज्यांनी बनवलं त्यांनी ते भंगारात काढलं, आणि जगाचं भंगार शेवटी जिथे येतं तिथे आलं, म्हणजे आमच्याकडे. बेनीत गुरं उदंड, ला पासमध्ये खाणारी तोंडं उदंड, आणि मध्ये बर्फाच्या डोंगरांची भिंत. रस्ता नाही. मग बॉम्ब ठेवायच्या पोकळीत पहाटे कापलेले बैल रचायचे, धूड कण्हत-कुंथत खिंडीतून काढायचं आणि शहराच्या वरच्या माळावर उतरवायचं. अशी धुडं ठेवणाऱ्या चार-पाच कंपन्या होत्या. दर वर्षी एखादं धूड डोंगरात घुसायचं. मेलेल्यांसाठी प्रार्थना व्हायची आणि उरलेल्या धुडांना नवा रंग लागायचा.

मंगळवारी यायचं विमान आलं नव्हतं. नेमेसिया दुपारी कंपनीच्या गोदामावर गेली, तेव्हा तिथला व्यवस्थापक वेलार्दे हसून म्हणाला होता, "ढग आहेत बाई. खालीच थांबले असतील. तुमचा भाऊ मजेत हॅमॉकमध्ये लोळत असेल." बुधवारी ती पुन्हा गेली, तर गोदामाला कुलूप. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आणि आता ही गाठ. तिने ती बोटाने चाचपली, तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय गं, आज दात दिसतायत!" शेजारच्या गाळ्यावरची एउस्ताकिया ओरडली. "दोन दिवस तर मेणबत्तीसारखं तोंड घेऊन बसली होतीस."

"आला माझा गाढव," नेमेसिया म्हणाली. "ही बघ त्याची गाठ. येईल आता तासाभरात, भूक भूक करत."

"मग उकळ त्याच्या फासळ्या. नाहीतर आल्या आल्या माझ्याच पातेल्यात डोकावेल मेला."

नेमेसियाने लगेच उत्तम फासळ्या बाजूला काढल्या आणि गाळ्यामागच्या चुलीवर पातेलं चढवलं. सेवेरोचा नेमच होता. विमान उतरलं की तो मांसाच्या ट्रकवर बसून खाली शहरात यायचा, हात न धुता उभ्याउभ्या दोन वाडगे रस्सा प्यायचा आणि विमानाच्या नावाने खडे फोडायचा. "ताई, ते विमान नाही, म्हातारा बैल आहे. एका इंजिनाला खोकला, दुसऱ्याला ताप. शिवाय तिथे बेनीत वजनकाटाच नाही. धडं मोजायची. तीस म्हणजे तीस! अगं, पावसानंतर चारा खाऊन एकेक बैल हत्ती झालाय, तरी तीस ते तीसच. मी म्हणतो पंचवीस भरा, तर वेलार्देसाहेब म्हणतात, तुला मोजता येत नाही का?" एवढं बोलून तो फासळी चोखायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच विमानात चढायचा. दुसरं काम कुठे होतं?

त्या सकाळी नेमेसियाची सुरी नुसती नाचत होती. गिऱ्हाइकांना ती हाका मारमारून बोलवत होती. "या, आजचा माल बघा! माझ्या भावाने स्वतः निवडून आणलाय." लोक येत होते, नेत होते. एका खानावळीवाल्याने मांडीचा अख्खा फरा नेला, कॉन्व्हेंटच्या नन्सनी मानेचं मांस नेलं. अकरा वाजेपर्यंत दीड धड संपलं. सेवेरो आला नाही. ट्रकवाल्याला विचारावं म्हटलं, तर ट्रक केव्हाच गेला होता.

रश्श्यात मीठ बरोबर आहे का बघायला तिने पळी तोंडाला लावली.

पेट्रोल.

आधी तिला वाटलं, चूल पेटवायला घातलेल्या रॉकेलचाच वास असेल. तिने दुसरा घोट घेतला. जिभेवर तोच तेलकट, कडवट थर. तिने उरलेलं अर्धं धड आकड्यावरून उतरवून ठोकळ्यावर आडवं केलं, आतल्या बाजूला नाक नेलं आणि मग सुरी घातली. फासळ्यांच्या मागे सुरी खरकन अडकली. तिने बोटं घालून ओढलं, तर बोटभर लांबीचा पत्र्याचा तुकडा निघाला, कडा फाटलेल्या, आणि एका बाजूला पोपटी रंग. हा रंग तिच्या ओळखीचा होता. विमानाच्या आतल्या पत्र्यावरचा तो रंग सेवेरोच्या नखांत कायम असायचा. मांसात आणखी आत खडी होती, डोंगरावरची बारीक काळी खडी.

नेमेसिया वीस वर्षं मांस विकत होती. रक्त, आतडी, माशा, कशाचीच तिला कधी किळस आली नव्हती. त्या दिवशी तिने गाळ्याच्या कडेला उकिडवं बसून पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं. पोटात काहीच नव्हतं, फक्त ते दोन घोट होते. एउस्ताकियाने तिची पाठ धरली आणि तो पत्रा पाहिला. तिलाही कळलं. तिने हळूच स्वतःच्या आकड्यांवरच्या धडांकडे पाहिलं. तिनेही सकाळपासून विकलंच होतं.

"विमान पडलंय," नेमेसिया म्हणाली. "आणि कंपनीवाल्यांना ठाऊक आहे."

तिने तो पत्रा आणि लोकर बांधलेला पायाचा तुकडा ॲप्रनमध्ये गुंडाळला आणि तडक गोदाम गाठलं. वेलार्दे टेबलाशी बसला होता. गृहस्थ नेहमी कसा चोपडा, गुळगुळीत. पण आज त्याचं नाक सोललेलं होतं, ओठ फुटलेले, गाल भाजल्यासारखे तांबडे. ला पासमध्ये बसून कुणाचा चेहरा असा होत नाही. बर्फावरचं ऊन लागलं की होतो. नेमेसियाने ते पाहून ठेवलं.

"आजचा माल कुठून आला, साहेब?"

"कुठून म्हणजे? दुसऱ्या विमानाने आला. दुसऱ्या कंपनीकडून घेतला. तुमचं काही अडू नये म्हणून, बाई."

"आणि ही गाठ?"

"गाठ काय, गाठ! हमाल बांधतात. कुणीही बांधतं."

"मग तुम्ही बांधून दाखवा." तिने कमरेला खोचलेला लाल लोकरीचा तुकडा काढून त्याच्यापुढे टाकला. वेलार्देने हसून तो उचलला, दोन वेढे घेतले, फासा चुकला, पुन्हा घेतले. तिसऱ्या वेळी त्याचं हसू मावळलं. मग नेमेसियाने पोपटी रंगाचा पत्रा त्याच्या कागदांवर ठेवला.

त्याने आधी दार लावलं.

"समजून घ्या, बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बातमी फुटली असती तर अर्धा डोंगर पोती घेऊन तुटून पडला असता. मागच्या वेळी काय झालं ठाऊक आहे ना? हाडंसुद्धा ठेवली नाहीत लोकांनी. कंपनी बुडाली तर तुम्ही काय विकणार? मांस नासतं. माणसं..." इथे त्याने घसा साफ केला. "माणसं थंडीत राहतात. उद्या-परवा आणणारच होतो. तुमच्या भावाला काही त्रास झाला नाही. तिघंही जागच्या जागी गेले. देवाशपथ सांगतो."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं आपण म्हणतो, तेव्हा ती माणसं अक्राळविक्राळ असतील असं वाटतं. तशी ती नसतात. त्यांच्या शर्टाला इस्त्री असते आणि ती तुम्हाला खुर्ची देतात. वेलार्देने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

डोंगरावर कोण गेलं होतं हे शोधायला वेळ लागला नाही. ट्रकअड्ड्यावर खेचरवाला इलारिओन तिची नजर चुकवून उलट्या दिशेने चालू लागला, तेवढं पुरलं. नेमेसियाने त्याला बखोटीला धरलं. "मांस आणलंस ना? आता माझा भाऊ आणायचा. चल." तो दोन खेचरं घेऊन निघाला. रात्र त्यांनी खिंडीखालच्या मेंढपाळाच्या झोपडीत काढली आणि शुक्रवारी उजाडताना दोघं वर पोचली.

विमान खिंडीच्या तोंडापासून दोन घरांच्या उंचीएवढं खाली आपटलं होतं. दोन घरं! पंचवीस धडं भरली असती तर ते डोंगर चाटून पलीकडे गेलं असतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तोंडाकडचा भाग पापडासारखा चुरला होता. कप्तान आणि त्याचा जोडीदार तिथेच होते. त्यांच्यावर कुणी पोतंही टाकलं नव्हतं. पोटाचा भाग मात्र नीट साफ केलेला. एक धड नाही, एक फरा नाही, आतडीसुद्धा नाहीत. बर्फावर सगळीकडे खेचरांच्या खुरांचे ठसे आणि रक्ताच्या ओढलेल्या रेघा. ज्या काळजीने मांस काढलं होतं, ती काळजी पाहून नेमेसियाला पुन्हा उमासे येऊ लागले.

"किती धडं निघाली?"

"चौतीस," इलारिओन म्हणाला.

सेवेरो शेपटीकडे, वाऱ्याच्या आडोशाला बसलेला होता. बसलेला. पाठ पत्र्याला टेकलेली, टोपी डोळ्यांवर ओढलेली. उजवा पाय सरळ पुढे, आणि त्या पायाला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या लावून बांधलेल्या. लाल लोकरीने. नेमेसिया गुडघ्यांवर बसली. तिने वेढे मोजले. तीन वेढे, एक फासा आणि टोक आत खोचलेलं, गुडघ्याखाली एक आणि घोट्यावर एक. गाठ घट्ट होती, सावकाश, नीट मारलेली. मेलेला माणूस गाठ मारत नाही.

तिने दोन्ही गाठींवरून बोट फिरवलं. मग न वळता म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा हा जिवंत होता."

इलारिओनच्या हातातली टोपी गरगर फिरत होती. "मावशी, मला पोरं आहेत."

"ह्यालाही बहीण आहे. बोल."

"बुधवारी आलो तेव्हा होता. बोलत होता, अगदी शुद्धीत. वेलार्देसाहेब स्वतः होते आमच्याबरोबर. हा म्हणाला, साहेब, पाणी द्या आणि मला खेचरावर टाका. साहेबांनी खेचरं मोजली. सहाच होती. एकेक खेचर बर्फावरून दोन धडं ओढत होतं, त्याच्यावर माणूस घेतला की तेवढी मागे राहणार. साहेब म्हणाले, 'तुला दुसऱ्या खेपेला नेतो, सेवेरो. पाणीही तेव्हाच आणतो. ऊन चढलं की मांस खराब होईल.' मी म्हटलं, साहेब, माझी पखाल देऊ का? तर म्हणाले, 'तू हात चालव.'"

"आणि दुसऱ्या खेपेला?"

इलारिओन रडायला लागला. त्याच्या रडण्याचीही तिला शिसारी आली. "दुसऱ्या खेपेला तो गार झाला होता, मावशी. मग साहेब म्हणाले, आता घाई नाही. आणि पुन्हा मांसच नेलं."

नेमेसियाने भावाच्या तोंडावरची टोपी बाजूला केली. त्याच्या ओठांना बर्फ चिकटलेला होता. तहान भागवायला खाल्लेला. पेट्रोलने भिजलेला तो बर्फ, कारण दुसरा हाताच्या अंतरावर नव्हताच. तिने आपल्या शालीच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. मग दोघांनी त्याला खेचरावर चढवलं आणि खाली आणलं. कप्तान आणि त्याचा जोडीदार यांच्यावर तिने जाताना आपली घोंगडी टाकली.

रविवारी सकाळी दफन झालं. बाजार बंद ठेवून सगळ्या खाटकिणी आल्या. कंपनीने फुलांचं चक्र पाठवलं, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे दुखवट्याच्या जेवणासाठी मालकाकडून मांस जायला हवं म्हणून तेही पाठवलं. गोदामाचा नोकर घरी येऊन एक मोठा, गुबगुबीत फरा ठेवून गेला. एउस्ताकियाने त्यावरचं फडकं उचललं आणि "अगं आई!" म्हणून मागे सरली.

फऱ्याला लाल लोकर बांधलेली होती.

त्यांनी काही वाईट हेतूने पाठवलं असेल असं नाही. त्यांनी बघितलंच नसेल. गोदामात जे हाताशी लागलं ते पाठवलं, चांगला भाग निवडून. हेच मला जास्त ओंगळ वाटतं. मुद्दाम केलं असतं तर निदान त्यांनी त्या गाठीकडे एकदा पाहिलं तरी असतं.

"फेकून दे कुत्र्यांना," एउस्ताकिया म्हणाली.

"कुत्र्यांनी काय केलंय?" नेमेसिया म्हणाली. "ते लहान पातेलं दे."

दुखवट्याच्या जेवणाचा आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो मोडायची हिंमत मंत्र्यालाही होत नाही. घरच्या बाईने जे वाढलं ते संपवायचं. पानात टाकलं तर मेलेला तितके दिवस उपाशी भटकतो, असं समजतात. दुपारी सगळे ओळीने बाकांवर बसले. मधल्या खुर्चीत सेवेरोची टोपी ठेवलेली. बायकांच्या वाडग्यांत नेमेसियाने गोठवून वाळवलेल्या काळ्या बटाट्यांचा रस्सा वाढला, मांसाचा तुकडाही नाही. डोंगरावर काय झालं ते सगळ्यांना कळलेलं होतं.

वेलार्दे काळा टाय लावून आला. त्याला टोपीसमोरची जागा दिली. नेमेसियाने लहान पातेलं चुलीवरून उचलून आणलं आणि त्याचा वाडगा काठोकाठ भरला. मांसाचे मोठाले तुकडे आणि त्यांच्यावर तरंगणारा इंद्रधनुषी तवंग. वाफेबरोबर वास सगळ्या खोलीत पसरला.

"बाई, मला इतकं..."

"तुम्हीच पाठवलंत, साहेब. सेवेरोने स्वतः निवडलेलं आहे. ही बघा त्याची गाठ." तिने ती लाल लोकर त्याच्या वाडग्याशेजारी ठेवली.

वेलार्देने आजूबाजूला पाहिलं. चाळीस बायकांनी आपापले चमचे खाली ठेवले होते. दाराशी इलारिओन उभा होता, आणि आता त्याच्या हातातली टोपी फिरत नव्हती. वेलार्देने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं की सगळ्यांना समजलंय. तो उठून जाऊ शकला असता. पण टोपीसमोरून, दुखवट्याचं अन्न टाकून, भरल्या बाजारासमोरून उठायचं, आणि उद्या ह्याच चाळीस जणींना मांस विकायचं? त्याने चमचा उचलला.

पहिला घास त्याने गिळला. दुसऱ्याला त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. त्याने खडी बोटाने काढून वाडग्याच्या काठावर ठेवली, आणि त्याला उबळ आली. त्याने रुमाल तोंडावर दाबला. डोळे पाण्याने भरले. कुणी हललं नाही. अर्धा वाडगा संपला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पाणी," तो कसाबसा म्हणाला. "बाई, थोडं पाणी द्या."

पाण्याची कळशी नेमेसियाच्या पायाशीच होती. तिने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दुसऱ्या खेपेला आणते, साहेब," ती म्हणाली, आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली.